लाल दिवा विझला: उद्यमनगरातल्या एका डायनॅमोच्या दुकानाचा अनुभव

आधी गुण सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसांची सुटका. काम पाचपैकी पाच. बोलणं पाचपैकी तीन, तेही वयाचा मान ठेवून. वेळ पाळणं पाचपैकी एक. फोन उचलणं शून्य. तरीही उद्या माझ्या जुन्या जावा मोटारसायकलीचा चार्जिंगचा लाल दिवा पुन्हा पेटून राहिला तर मी कागलहून उठून तिथंच जाणार.

डायनॅमो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणारं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याचं हे दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. नाव नि गल्ली लिहीत नाही, कारण मालकांनी तसं बजावलंय. "लिवा काय लिवायचं ते, पण पत्ता तेवढा टाकू नगा. हितं आधीच चार म्हयन्याचं काम पडलंय." त्यांचा शब्द मोडणार नाही. ज्याला खरी गरज आहे त्यानं उद्यमनगरात शिरावं आणि कुठल्याही लेथवाल्याला एवढंच विचारावं, की जावाचा डायनॅमो कोण बघतं. तिसऱ्या माणसापर्यंत जायची वेळ येणार नाही.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय फजितीची मजा कळायची नाही. मी महावितरणमधून प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. पदनाम ऑर्डरीवर. गावात मला सगळे वायरमनच म्हणतात, बायकोच्या माहेरची माणसंसुद्धा. भर पावसात खांबावर चढून अकरा केव्हीचे, म्हणजे अकरा हजार व्होल्टचे, झंपर (दोन तारा जोडणारे तुकडे) बांधण्यात ३४ वर्षं गेली. आणि म्हातारपणी सहा व्होल्टच्या मोटारसायकलीनं माझी पार अब्रू काढली.

गाडी जावा २५०, १९६८ची, म्हैसूरची. नव्या पोरांसाठी सांगतो: मूळ जावा चेकोस्लोव्हाकियाची, आपल्याकडे आयडियल जावा कंपनी १९६१पासून म्हैसूरच्या कारखान्यात ती बनवायची. पुढं त्याच कारखान्यातून येझदी निघाली आणि १९९६ साली सगळंच बंद पडलं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. ज्या दांड्यानं किक मारायची तोच पुढं पाडून गिअर टाकायचा. मी ती १९८९ला निपाणीच्या एका रिटायर मास्तरांकडून घेतली आणि पंधरा वर्षं ड्यूटीला वापरली. रात्री-अपरात्री फोन आला, अमक्या वस्तीवर लाइट गेलीय, की मागं शिडी धरून हेल्पर आणि पुढं मी. २००४ला गोठ्यात लावली ती तशीच. वर पोती, पोत्यांवर कोंबड्या.

निवृत्तीनंतर तिला बाहेर काढलं. टाकीला क्रोम, चेसीला पावडर कोटिंग, नवीन वायरिंग, नवीन टायर. पैसे किती गेले ते घरात अजून खरं सांगितलेलं नाही. गाडी चौथ्या किकेला सुरू झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, त्यात निम्मा धूर होता.

पण चार्जिंग नाही.

जावाच्या हेडलाइटच्या डोक्यावर, चावीजवळ, एक लाल दिवा असतो. त्याचं एक टोक बॅटरीच्या बाजूला, दुसरं डायनॅमोच्या. इंजिन बंद असताना चावी फिरवली की बॅटरीचा करंट त्या दिव्यातून, डायनॅमोतून अर्थला जातो आणि दिवा लागतो. लागलाच पाहिजे, नाही लागला तर बहुधा दिवाच उडालाय, आणि पुढचं सगळं आंधळेपणानं करावं लागेल. इंजिन फिरायला लागून डायनॅमोचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीइतका झाला की दोन्ही टोकांना सारखीच पातळी. पाटाच्या दोन्ही अंगाला पाणी सारखं झालं की पाट वाहायचा थांबतो, तसा दिवा विझतो. त्याच सुमाराला डायनॅमोचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरमधला कटआउट, म्हणजे आपोआप जोडणारा स्विच, जोडला जातो आणि बॅटरीत माल पडायला लागतो.

माझा दिवा विझत नव्हता. रेस केली की अर्धवट मिटायचा, झोप आलेल्या पोराच्या डोळ्यासारखा, पण पुरता नाही. आणि जावाचं इग्निशन बॅटरी-कॉइलचं. बॅटरी उतरली की नुसते दिवे जात नाहीत, स्पार्कच जातो. पहिल्याच लांबच्या फेरीत कणेरीच्या फाट्यावर गाडी अडखळली, दोनदा फटाके फोडले आणि गप्प झाली. तिथून ती टेम्पोत घालून आणली. आमच्या गल्लीतली पोरं एरवी मला काका म्हणतात. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं.

आता मधला दुःखाचा भाग थोडक्यात उरकतो. उद्यमनगराच्या आधी मी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो होतो. कुठला, कोण, ते सांगत नाही. त्यानं गाडीला मीटर न लावताच सांगितलं, "कटआउट गेलाय." अख्ख्या रेग्युलेटरला आपल्याकडे मेकॅनिक कटआउटच म्हणतात. नवीन इलेक्ट्रॉनिक बसवला, १८०० रुपये. दिवा तसाच. मग "बॅटरी धरत नाही" म्हणून नवीन बॅटरी, ९५० रुपये. दिवा तसाच. मग डायनॅमोच्या फिरत्या भागावरून करंट उचलणारे ठोकळे, म्हणजे कार्बन, नवे टाकले. दिवा तसाच. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "काका, हे सहा व्होल्टचं खूळ सोडा, बारा व्होल्टचं किट टाकू." किटची किंमत ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग स्वतः बसलो. घरात माझा चांगला डिजिटल मीटर आहे. बॅटरीवर लावला, गाडी सुरू केली, तर आकडे असे नाचायला लागले की वाचताच येईनात. ४.२, ११.८, ६.०, ९.५. एकदा उणे दाखवलं. मी मीटरची बॅटरी बदलली. नंतर शेजाऱ्याचा मीटर आणला. तोही तसाच नाचला. दोन दिवस यात घालवून तिसऱ्या दिवशी डायनॅमो उतरवायला निघालो, पण आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) निमुळत्या टोकावर असं धरून बसलं होतं की हातोडा उचलायच्या आधी शहाणपण सुचलं आणि मी थांबलो. या गाडीत आर्मेचर थेट क्रँकच्या टोकावर बसतं. तिथं हातोडा घालणं म्हणजे क्रँकला हातोडा घालणं.

अशा मनःस्थितीत मी उद्यमनगरात पोचलो. गाडी टेम्पोतच.

दुकान म्हणजे पत्र्याचं, दहा बाय पंधराचं. अर्ध्या जागेत शेतीपंपांच्या मोटारी, ट्रॅक्टरचे सेल्फ, आणि एका कोपऱ्यात तांब्याच्या तारेची रिळं. भिंतीवर वायंडिंगचे तक्ते खडूनं लिहिलेले, त्यातले काही एवढे जुने की वर चुना मारलाय आणि चुन्याखालून अजून दिसतात. बसायला जागा नाही. एक स्टूल आहे, पण त्यावर नेहमी कुणाचं तरी आर्मेचर बसलेलं. वॉर्निशचा वास डोक्यात जातो. दम्याच्या माणसानं बाहेरच उभं राहावं. मालक सत्तरीचे, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. हाताखाली नात, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, कॉलेज सुटलं की येते.

मी माझी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली. रेग्युलेटर बदलला, बॅटरी बदलली, मीटर नाचतो. ते ऐकतायत असं काही वाटलं नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांना बोट लावून हलवून बघितलं, चावी फिरवली, लाल दिवा बघितला, आणि मला म्हणाले, "डिजिटल मीटर लावला आसंल." मी म्हटलं हो. "ह्या गाडीचं स्पार्क त्यात घुसतंय. त्यो बिचारा काय करंल?" आणि खालून एक काट्याचा जुना मीटर काढला, काच तडकलेली, तड्यावर सेलोटेप. काटा जड असतो, त्याला स्पार्कचे झटके पोचत नाहीत. तो सरासरी दाखवून मोकळा होतो. दोन दिवस मी मीटरशी भांडत होतो त्याचा निकाल एका वाक्यात लागला.

पहिली चाचणी त्यांनी मीटरनं केलीच नाही. डायनॅमोला आलेल्या रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी सोडल्या. फील्डचं, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या कॉइलचं, टोक तारेच्या तुकड्यानं इंजिनच्या बॉडीला टेकवलं आणि मेन टोकावर इंडिकेटरचा सहा व्होल्टचा बल्ब लावला, दुसरं टोक बॉडीला. म्हणजे मधून रेग्युलेटर पुरता बाजूला. आता डायनॅमो एकटा किती काम करतो ते बल्बच सांगणार. मला किक मारायला लावली. बल्ब लागला, पण पिवळा, मरतुकडा, आणि रेस केली तरी फडफडत राहिला.

"चुंबक हाय, फील्ड हाय," ते नातीला म्हणाले, माझ्याशी नाही. "कार्बन बघ."

हे मला तिथंच उमगलं, म्हणून इथं लिहितो. डायनॅमोत कायमचा लोहचुंबक नसतो. लोखंडी पोलांत मागच्या वेळचं उरलंसुरलं चुंबकत्व असतं. त्यावर आर्मेचर फिरलं की थोडा दाब तयार होतो, तो फील्डच्या कॉइलमध्ये जाऊन चुंबक वाढवतो, त्यानं दाब आणखी वाढतो. विरजणातून दही लागावं तसं. वीस वर्षं गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं विरजणच कधी कधी मेलेलं असतं. मग बॅटरीचा एक क्षणभर स्पर्श देऊन पुन्हा लावावं लागतं. माझ्या गाडीत ते जिवंत होतं, नाहीतर बल्ब तेवढाही पेटला नसता. म्हणजे दोष मधे कुठंतरी, तांब्याकडून वायरीकडे माल जातो त्या वाटेवर.

उजवं झाकण काढलं. नातीनं स्प्रिंग उचलून कार्बन काढायचा प्रयत्न केला. एक आला. दुसरा येईना. होल्डरमध्ये अडकून बसलेला. स्प्रिंग वरून दाबत होती, पण कार्बन कॉम्युटेटरपर्यंत (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यापर्यंत) पोचतच नव्हता, कडेनं जेमतेम शिवत होता. पकडीनं ओढून काढला तेव्हा दिसलं: मापाचा नव्हताच. कुठल्यातरी दुसऱ्या मोटारीचा मोठा कार्बन कानशीनं घासून बसवलेला, आणि घासताना एक बाजू तिरकी झालेली. पाचरीसारखा. मालकांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. बोलण्याला मी पाचपैकी तीन गुण दिलेत, त्यातला एक या न बोलण्याचा.

आर्मेचर त्यांनी पुलर बोल्टनं काढलं, एका "टक्" आवाजात. हातोड्याचा प्रश्नच नाही. मग ते ग्राउलरवर ठेवलं. ग्राउलर म्हणजे इंग्रजी व्ही आकाराचा विजेचा चुंबक; त्याच्या खाचेत आर्मेचर ठेवायचं, वीज चालू करायची आणि वरून हॅक्सॉचं पातं आर्मेचरच्या एकेका खाचेवर धरत हळूहळू फिरवायचं. आतला एखादा वेढा शॉर्ट असेल तर त्या खाचेवर पातं थरथरायला लागतं. माझ्या आर्मेचरवर पातं गप्प. पूर्ण एक फेरी, गप्प. मला कळलंय की नाही असं वाटून त्यांनी शेजारचं कुणाचं तरी जळकं आर्मेचर उचलून ठेवलं आणि पातं माझ्या हातात दिलं. चौथ्या खाचेवर ते एकदम "खर्रर्र" करून बोटांत वळवळलं. मी दचकलो. ३४ वर्षांच्या नोकरीत शॉर्ट सर्किट बघितले, ऐकले, त्यांचा वास घेतला. बोटाला असं लागलेलं पहिल्यांदाच.

"तुमचं चांगलं हाय. गुंडाळायची गरज न्हाई," ते म्हणाले. रिवाइंडिंगचे सहज अडीच-तीन हजार त्यांना मिळाले असते. मी काय, मान डोलावून दिले असते.

मग कॉम्युटेटर. तांब्याच्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक. तांबं झिजतं, अभ्रक कडक, ते झिजत नाही. कालांतरानं अभ्रक तांब्याच्या बरोबरीला येतं आणि मग वर चढतं, आणि कार्बन त्यावरून टप टप उड्या मारत जातो. बल्ब फडफडत होता त्याचं हे कारण. आधी शेजारच्या लेथवर हलकी एक चाल दिली, तांबं गुलाबी निघालं. त्यानंतर नातीनं ग्राइंडरवर बारीक केलेल्या हॅक्सॉच्या पात्यानं एकेक अभ्रकाची रेघ खाली खरवडायला घेतली. याला अर्धा तास लागला. मी तिच्या हाताकडे बघत उभा होतो. दर रेघेला ती पातं एकदा मागून पुढं, एकदा पुढून मागं, आणि मग टूथब्रशनं झाडून, तोंडानं फुंकून, उजेडाकडे धरायची. एका रेघेत तांब्याचा केसाएवढा कीस राहिला होता, तो मला दिसला नाही, तिला दिसला. शेवटी झिरो पेपरचा, म्हणजे बारीक सँडपेपरचा, हात. एमरी पेपर लावायचा नाही म्हणे, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात.

नवे कार्बन मापाचे, त्यांच्याच डब्यातले. होल्डरमध्ये वरून सोडला की आपसूक खाली गेला पाहिजे. गेला.

परत जोडणी, परत बल्ब. या खेपेला पांढरा लागला, रेस केल्यावर डोळे दिपले. मी खिशात हात घातला. मालक म्हणाले, "थांबा की."

रेग्युलेटर जोडला. तोही माझा जुना, म्हैसूरचा, जो मी कापडात गुंडाळून बरोबर नेला होता. नवीन इलेक्ट्रॉनिक त्यांनी काढून माझ्या हातात दिला. त्याबद्दलही सांगून ठेवतो: तो वाईट नव्हता. त्यांनी तो मला लावून दाखवला, चालत होता. असले इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आता बरे येतात, जुन्याचे पॉइंट जळले असतील तर जरूर घ्या. माझा जुना जळलेला नव्हता एवढंच. म्हणजे १८०० रुपये मी चांगल्या वस्तूला दिले, फक्त ती लागत नव्हती.

जुना जोडून गाडी सुरू केली. लाल दिवा अर्धा विझला. अर्धाच!

माझे पाय गळाले. मालकांच्या कपाळावर मात्र आठी नाही. नातीनं काट्याचा मीटर घेतला, एक प्रोब बॅटरीच्या अर्थच्या टोकावर ठेवला आणि दुसरा रेग्युलेटरच्या पत्र्याच्या बुडावर. दोन्ही अर्थच. काटा शून्यावर राहायला हवा.

"आजोबा, हितं जवळजवळ एक व्होल्ट दाखवतंय."

मालक पहिल्यांदा हसले. चष्मा कपाळावर ढकलला आणि मला म्हणाले, "वायरमनसायेब, तुमच्या डीपीला अर्थिंग घालताय न्हवं?"

काय बोलणार. नोकरीत मी नव्या पोरांना पहिला धडा अर्थिंगचा द्यायचो. खड्डा, कोळसा, मीठ, पट्टी, सगळं. आणि स्वतःच्या गाडीच्या चेसीला हौसेनं जाड पावडर कोटिंग करून घेतलं, त्यावर रेग्युलेटर बोल्टनं आवळला, इंजिनही त्याच रंगावर बसवलं. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. जुन्या गाडीत सगळ्याची परतीची वाट चेसीतून असते. मी ती वाट रंगवून बुजवली होती. या गाडीत फील्डचं दुसरं टोक रेग्युलेटरमधून अर्थला जातं. त्या अर्थमध्येच अडथळा, म्हणून फील्डला पुरता करंट नाही, म्हणून चुंबक अशक्त. आधी बल्बच्या चाचणीत फील्ड थेट इंजिनला टेकवलं होतं, त्यामुळे तिथं हा दोष झाकला गेला.

परत येताना हायवेभर मी हाच हिशेब करत होतो. अकरा केव्हीवर लाइन का नेतात? दाब जास्त म्हणजे करंट कमी, आणि करंट कमी म्हणजे वाटेतली गळती कमी. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे फळ्यावर शिकवलेलं. मग सहा व्होल्टची गाडी म्हणजे नेमकं उलटं टोक. ४५ वॅटचा डायनॅमो सहा व्होल्टवर साडेसात अँपिअर देतो. तेवढ्या करंटला वाटेत ओहमचा दहावा भाग जरी अडथळा आला, एखादं हिरवं पडलेलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), एखादा रंगलेला बोल्ट, तर पाऊण व्होल्ट तिथंच गेला. बारा व्होल्टला पाऊण व्होल्ट म्हणजे चिल्लर. सहाला म्हणजे आठवा हिस्सा. खांबावरचा ढिला झंपर मी लांबून ओळखायचो आणि गाडीतले डझनभर ढिले झंपर मला दिसले नाहीत, कारण माझ्या डोक्यात सहा व्होल्ट म्हणजे खेळणं.

उपाय स्वस्त होता. इंजिनच्या केसिंगपासून रेग्युलेटरच्या बुडापर्यंत आणि तिथून बॅटरीच्या अर्थपर्यंत एक जाड काळी वायर, तीन थिंबलं, आणि त्या तीन जागी खरवडून उघडं केलेलं लोखंड, वर व्हॅसलीन. रंग खरवडताना माझ्या पोटात कालवलं. वायरीचे आणि थिंबलांचे मिळून १२० रुपये.

दिवा विझला. पुरता. भर उन्हात हाताचा आडोसा करून बघितला, विझलेलाच. काट्याच्या मीटरवर, रेस थोडी धरली की बॅटरीला सात व्होल्ट आणि वर एक रेघ. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन घरं; भरून आरामात बसली की ६.३ दाखवते, तिच्यात माल ढकलायचा तर सातच्या वर जावंच लागतं.

जाता जाता त्यांनी हेडलाइटची काच काढायला लावली. आत कुणीतरी, म्हणजे मीच कधीतरी नोकरीत, ३५ वॅटचा बल्ब घातलेला. हेडलाइट ३५, मागचा ५, कॉइलला दहा-बारा. बेरीज पन्नासच्या वर, आणि डायनॅमो पंचेचाळीसचा. रात्री गाडी कमाईपेक्षा जास्त खर्च करायची. २५चा बल्ब लावला. उजेड कमी पडतो, हे खरं आहे, लपवत नाही. हायवेला समोरून आयशर आला की आपली जावा म्हणजे देवळातली समई. मी आता अंधार पडायच्या आत घरी येतो.

बिल एकूण २३५० रुपये. त्यात तपासणीचे ४०० वेगळे लावले होते आणि ते मला सगळ्यात आवडले. "बगायचं पैसं घेतो, म्हणून खोटं पार्ट घालाय लागत न्हाईत," असं ते म्हणाले. आधीच्या ठिकाणी तपासणी फुकट होती आणि मी पावणेतीन हजारांचे पार्ट घेऊन आलो होतो. बिल मात्र कागदावर मिळत नाही. सिगारेटच्या पाकिटाच्या मागं आकडे लिहून देतात. वॉरंटीचं विचारलं तर "बंद पडली तर या" एवढंच.

तक्रारी आहेतच. मंगळवारी देतो म्हणून सांगितलेली गाडी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मिळाली. मधे चार वेळा फोन केला, वाजत राहिला. एकदा उठून गेलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्यानं सांगितलं की वैरागला कुणाच्या तरी ऊसतोड यंत्राचा सेल्फ बघायला गेलेत. माझी गाडी रात्रभर दुकानाबाहेर साखळीनं बांधून होती आणि टाकीच्या क्रोमवर वॉर्निशचे दोन ठिपके आलेत. ते मी दाखवले. त्यांनी थिनरनं एक काढला आणि दुसऱ्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे, खूण म्हणून." मला ते आवडलं नाही. अजूनही नाही.

आणखी एक. बारा व्होल्टचं किट, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन), एलईडी, यातलं काही ते करत नाहीत. विचारलंत तर अपमान होईल. मी स्वतः किटच्या विरोधात नाही. ज्याला रोज रात्री गाडी चालवायची आहे त्यानं खुशाल बारा करावं. पण आधी कुणीतरी मीटर धरून बघायला हवं. माझ्या गाडीत किट टाकलं असतं तरी अर्थिंग तेच राहिलं असतं, आणि किटही महिन्याभरात रुसलं असतं.

आज तीन महिने झाले. कागल ते निपाणी दोनदा, एकदा आदमापूर. सिग्नलला गाडी मंद झाली की लाल दिवा हळूच लुकलुकतो. पहिल्यांदा बघून मी घाबरलो होतो, तसं चालतं. मंद इंजिनाला डायनॅमो बॅटरीच्या खाली येतोच, रेस धरली की विझला म्हणजे झालं.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सकाळी अकराच्या आत, किंवा त्याहून उत्तम म्हणजे नात येते त्या दुपारच्या वेळी. जुना रेग्युलेटर, जुने कार्बन, निघालेलं काहीही टाकून देऊ नका, पिशवीत घालून बरोबर न्या. मी पहिले कार्बन कचऱ्यात टाकले होते, आणि त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.